रात्रभर ठेवलेलं पाणी

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की आमच्या सक्करदऱ्यात घरोघरी माळ्यावरून कूलर खाली यायला लागतात. वर्षभर चादरीखाली झोपलेला तो पत्र्याचा डबा अंगणात येतो. टाकीतून आधी पाल पळते, मग गंजाचा चुरा निघतो, मग घरातला कर्ता पुरुष मोटरला तेल देतो आणि शॉक बसला की बायकोवर ओरडतो. आमच्या घरी कर्ता पुरुष नाही, त्यामुळे ओरडणं वाचतं. सहासष्टाव्या वर्षी मीच शिडी चढते आणि माझी माय खालून शिडी धरते. मायचं वय अठ्ठ्याऐंशी. म्हणजे खरं तर शिडीच तिला धरून उभी असते.

या वर्षी कूलरच्या गवती ताट्या शोधताना जुन्या ट्रंकेमागे हात गेला आणि गोल, थंड असं काहीतरी हाताला लागलं. ओढून पाहिलं तर पाणी भरायची तांब्याची गुंडी. एके काळी लखलखायची, आता काळी पडलेली. तोंडावर फडकं आणि फडक्याला मायची गाठ. ही गाठ मी जन्मभर बघत आलेय. दोन पदर एकमेकांखालून जातात आणि तिसऱ्यांदा आत दडतात. मला ती सोडता येते, तशीच्या तशी पुन्हा बांधता येत नाही. गुंडी हलवली तर आत काहीतरी खडखडलं.

"भेटल्या का वं ताट्या?" खालून माय.

"भेटल्या," म्हटलं आणि गुंडी तिथेच ठेवून खाली उतरले. हे चार दिवसांपूर्वीचं. तेव्हापासून ऊन जसजसं चढतंय तसा तो एक उन्हाळा डोक्यातून जात नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात समुद्र होता. नागपुरात सगळं मिळतं, समुद्र मिळत नाही. इथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लागायला अख्खा दिवस. त्यात आमचं मूळ गाव कुहीकडचं, धानाच्या बांध्यांतलं. आमच्या घराण्यात बोडीपलीकडचं, म्हणजे शेताच्या तळ्यापलीकडचं पाणी कोणी पाहिलं नव्हतं. पण माझा मोठा भाऊ आनंद, मी त्याला दादा म्हणते, आयटीआय करून मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत लागला. दर पत्रात तो मायला लिहायचा की एकदा ये, समुद्र बघ. मायला गिरणीतून रजा मिळायची नाही. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं, मी एम.एस्सी. होऊन कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर झाले होते, आणि वडील तर आम्ही लहान असतानाच गेलेले.

फेब्रुवारीत दादा सुट्टीवर आला तो दोन पांढरे कॅन आणि झाकणाची एक बादली घेऊन. अंदमानकडून तीन दिवस बोट, मग मद्रासहून रेल्वे. वाटभर त्या बादलीतलं पाणी लोट्याने वरखाली करत आलेला, डोळे तांबारलेले. बादली ओसरीत ठेवून म्हणाला, "माय, तुले समुद्र पाहाचा होता ना. तू तं येत नाही. मंग मीच थोडासा आनला."

माय वाकली. आत एक नखाएवढा निळा मासा आणि मुठीएवढा पिवळट, खडबडीत गोळा.

"हा तं गोटा हाये," ती म्हणाली.

"गोटा नाही माय, जित्ता हाये. संध्याकाळ होऊ दे."

तो प्रवाळ होता. आता असं काही समुद्रातून उचलून आणता येत नाही, कायदा आहे. तेव्हा आम्हाला कायदा ठाऊक नव्हता आणि प्रवाळही नव्हता. त्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं होती. दिवस मावळला तशी प्रत्येक घरातून बारीक, पारदर्शक बोटं बाहेर आली आणि पाण्यात हलायला लागली. माय पाटावर बसून बघत राहिली. भाजी करपली.

"लेकरं अंगनात आले वं त्याचे," ती म्हणाली.

रेल्वेच्या भंगारात बॅटरीच्या मोठाल्या काचेच्या पेट्या निघायच्या. दादाने तशी एक मिळवली, सोड्याने सात वेळा धुतली, तळाशी शंखशिंपल्यांचा चुरा घातला आणि हवेचा छोटा पंप लावला. पेटी उत्तरेच्या खिडकीखाली बसली. जाण्याच्या दिवशी तो मला म्हणाला, "तू केमिस्ट्रीवाली. तुह्या भरवशावर ठेवून राहिलो." आणि मायला म्हणाला, "मी दिवाळीले येतो. तवरी याले जित्तं ठेवजो."

त्याने हे सहज म्हटलं. मायने ते तसं घेतलं नाही. पोरगा पाण्यावर आणि हा पाण्यातला पोराने ठेवायला दिलेला. हा जिवंत तर तोही सुखरूप, असा हिशेब तिच्या मनात पहिल्याच आठवड्यात बसला. ती तसं कधी बोलली नाही. आमच्या घरात नवसबिवस चालत नाहीत, छप्पन सालच्या दीक्षेनंतर ते सगळं मागे टाकलेलं. पण पोस्टमन नुसताच पुढे निघून गेला की माय आधी पेटीकडे बघायची, मग चुलीकडे वळायची.

मी आपली आकडे सांभाळायची. समुद्राचं पाणी म्हणजे पाण्यात मीठ, असं मला बी.एस्सी.पर्यंत वाटत होतं. दादाचे कॅन संपल्यावर कळलं की मीठ ही फक्त सुरुवात आहे. त्यात मॅग्नेशियम लागतं, पोटॅशियम लागतं. प्रवाळ आपलं घर कॅल्शियमने बांधतो, म्हणून कॅल्शियम लागतं. खाण्याचा सोडा किती पडला यावर पाण्याचा आंबटपणा ठरतो. बाजारचं जाडं मीठ, आमच्या विभागप्रमुखांनी नाइलाजाने दिलेले प्रयोगशाळेतले क्षार, आणि औषधाच्या दुकानातून आणलेलं मॅग्नेशियमचं मीठ असं मिळून मी घरात समुद्र कालवायची. ते शेवटचं मीठ लोक पोट साफ व्हायला घेतात.

"समुद्राले जुलाब देते का वं तू?" माय म्हणाली होती.

सकाळी पाण्यात काचेचा हायड्रोमीटर सोडून खारटपणा बघायचा. दर दोन दिवसांनी बाटलीभर पाणी कॉलेजात न्यायचं आणि ब्युरेटखाली कॅल्शियम मोजायचं. मी शिस्तीची बाई आहे, थोडी खडूसही. विद्यार्थी मला मागून काय म्हणायचे ते मला माहीत आहे. पण त्या दोन महिन्यांत आकडा जरासुद्धा हलला नाही आणि प्रवाळाच्या कडेला हरभऱ्याच्या डाळीएवढं नवं घर फुटलं. मी ते पत्रात दादाला लिहिलं. खाली मायने मला आणखी एक ओळ लिहायला लावली, 'एक खोली वाढवली त्यानं.'

मार्च संपला आणि पाणी आटायला लागलं. नागपूरच्या उन्हाळ्यात ओला टॉवेल तारेवर टाकून पाठ वळवावी तर तो वाळलेला असतो. पेटीतलं पाणी रोज दोन बोटं खाली जायचं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. आटतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून आटलेल्या जागी खारं पाणी घालायचं नाही, गोडं घालायचं. मायला हे पटेना.

"समुद्रात गोडं पानी? फिक्कं लागन ना त्याले."

"डाळ आटली तं तू काय टाकते? मीठ टाकते का पानी?"

"पानी," ती म्हणाली आणि तिला समजलं. माझ्या वर्गातल्या साठ पोरांना हे समजवायला तास लागला असता.

"पण नळाचं ताजं नोको," मी सांगितलं. "त्यात औषध राहते. रात्रभर ठेवलेलं पानी टाकत जाय. चांगलं, पिण्याचं."

"आपन पेतो तेच?"

"हो, तेच."

माझ्या मनात कोपऱ्यातली प्लास्टिकची बादली होती. ती मी त्यासाठीच धुऊन ठेवली होती. पण बादली असं मी तोंडाने म्हटलं नाही.

गुंडीची गोष्ट इथे सांगायला हवी. मायच्या लहानपणी गावातल्या विहिरीच्या ओट्यावर आमच्या लोकांना चढता यायचं नाही. खाली मातीचं मडकं घेऊन उभं राहायचं, कोणाला दया आली तर तो वरून धार धरणार. कधी दया दुपारपर्यंत येत नसे. तांब्यापितळेची भांडी तर आमच्याकडे असायचीच नाहीत, असली तरी ती डोक्यावर मिरवायची सोय नव्हती. लग्न होऊन माय नागपुरात आली, दीक्षा घेतली, गिरणीच्या रिळखात्यात लागली. घराला स्वतःचा नळ आला तेव्हा तिने पहिली वस्तू घेतली ती ही गुंडी. रोज संध्याकाळी चिंचेने घासायची, नळाखाली धरायची, भरली की फडकं बांधून तिवईवर ठेवायची. सकाळी अंघोळ झाल्यावर गाठ सोडायची. घरात कोणी येवो, वसुलीवाला येवो की शेजारीण, आधी गुंडीतल्या पाण्याचा पेला. आणि मग माय बघत राहायची. कोण सगळं पितो, कोण नुसतेच ओठ लावतो, कोण 'आत्ताच पिऊन आलो' म्हणतो, हे सगळं तिला पेल्यावरून कळायचं. ती कोणाला काही म्हणायची नाही. ओठ लावलेला पेला तुळशीत ओतावा तर आमच्याकडे तुळस नव्हती. ती तो जास्वंदीला घालायची.

एप्रिलात मला प्रॅक्टिकलच्या परीक्षेला भिवापूरला जावं लागलं, नंतर पेपर तपासायला. पहाटे निघायचं आणि दिवेलागणीला परत. भिवापुरात त्या दिवसांत अंगणाअंगणात मिरच्या पसरलेल्या असायच्या. बसमध्ये पोती, पोत्यांवर माणसं आणि सगळी बस मिळून खोकायची. घरी आले की मी पदर झटकून आधी पेटीपाशी जायची. मायने कूलरचं तोंड माणसांकडून फिरवून पेटीकडे केलेलं असायचं. पेटीला ओलं पोतं गुंडाळलेलं, पाण्यात बर्फाची पिशवी तरंगतेय, आणि आम्ही दोघी घामाने निथळत.

मायच्या गिरणीच्या सुट्टीच्या एका दुपारी मी लवकर आले तर वीज गेलेली. हवेचा पंप बंद. माय पाटावर बसून वाटीने पाणी उचलत होती आणि वरून परत सोडत होती. उचलत होती, सोडत होती. पदर गळालेला, पाठ भिजलेली.

"कवाची बसली?"

"लाइट गेली तवापासून. आनंद असाच करत आला ना रेल्वेत." म्हणजे तीन तास.

त्याच आठवड्यात बोटं बाहेर यायची थांबली. आधी एका बाजूची, मग सगळीच. मला वाटलं ऊन. मग रंग उतरायला लागला. मी हायड्रोमीटर सोडला, खारटपणा बरोबर. कॅल्शियम काढलं, बरोबर. आंबटपणा बरोबर, थंडावा ठीक. निळा मासा तर ठणठणीत, काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करायचा. मासा जगतोय आणि प्रवाळ जातोय, हे कोडं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आमच्या वाचनालयात समुद्रावरची दोन पुस्तकं होती, त्यातलं एक माशांच्या कालवणावर. मी अर्धं पाणी बदललं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सगळे आकडे बरोबर होते आणि तो मरत होता.

दादाचं पत्र येऊन महिना झाला होता.

"त्याचं काही दुखते का वं?" माय पेटीसमोर बसून विचारायची. कोणाचं ते ती सांगायची नाही. मी म्हणायची, "पाहून राहिलो माय." खरंच बघतच होते, दुसरं काहीच करता येत नव्हतं. शिकलेल्या माणसाला इतकं निकामी वाटावं हे मला सहन होत नव्हतं आणि मी मायवरच चिडायची, पोतं नीट बांध, झाकण लावू नको, सारखा हात घालू नको.

पेपर संपले त्या पहिल्या सकाळी मला मुद्दाम उठायचं कारण नव्हतं, पण झोप मोडली. माय अंघोळ करून आली होती, केस ओले. तिने तिवईवरच्या गुंडीची गाठ सोडली. लोटा बुडवला. दोन्ही हातांनी धरून पेटीपाशी नेला आणि काचेच्या कडेने, आवाज होऊ न देता, हळूहळू ओतला. मग दुसरा. भिक्खूंना पाणी देताना ती असंच द्यायची. मी खाटेवर उठून बसले. गुंडीच्या तोंडाशी आतून हिरवी कड दिसत होती.

पहिल्या वर्षाच्या पोरांना मी पहिल्याच महिन्यात तांबं ओळखायला शिकवायची. द्रावणात अमोनिया टाका, गडद निळं झालं की तांबं. सगळ्यात सोपी परीक्षा, ढ पोरालाही येते. मी पेटीत सतरा गोष्टी शोधल्या होत्या. तांबं शोधलं नव्हतं, कारण ते मी घातलंच नव्हतं.

त्या दिवशी गुंडीतलं लिटरभर पाणी कॉलेजात नेलं. सुट्टी लागलेली, प्रयोगशाळेत मी एकटी. आटवून आटवून चमचाभर उरवलं आणि अमोनियाचे थेंब टाकले. निळं झालं. फिकं, पण निळं. माणसाला तेवढ्याने काही होत नाही, उलट बरं असं म्हणतात. माशालाही चालतं. प्रवाळाला नाही. आणि पाणी आटलं तरी तांबं आटत नाही, मिठासारखंच मागे राहतं. दोन लोटे रोज, दीड महिना. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी मायने त्याला दिलं होतं, आणि रात्रभर ठेवायला मीच सांगितलं होतं.

बसमध्ये मी वाक्य जुळवत आले. घरी माय तांदूळ निवडत होती. म्हटलं, "माय, उद्यापासून पेटीत पानी मीच टाकत जाईन."

"काहून?"

"असंच. तुले तरास."

तिने सुपातला हात थांबवला. वर बघून हसली, पण ते हसणं पुरतं नव्हतं. "माह्या हातचं पानी चालत नाही का त्याले?"

आता या बाईला मी काय सांगणार होते? तू भरलेल्या पाण्याने तो मरतोय, हे वाक्य कुठूनही धरलं तरी त्याची एक बाजू त्या विहिरीच्या ओट्याला जाऊन लागत होती. तांबं म्हटलं तरी ती गुंडी तिचीच. साठ पोरांसमोर खडू घेऊन जे मी घडाघडा बोलायची ते घरात एका माणसासमोर तोंडातून निघेना.

"चालते वं," मी म्हटलं. "टाक तूच."

मग मी काय केलं ते ऐका. रोज पहाटे माय उठायच्या आधी मी उठायची, गुंडीची गाठ सोडायची, रात्रभरचं पाणी मोरीत ओतायची, बादलीतलं पाणी गुंडीत भरायची आणि फडकं जमेल तसं बांधायची. तासाभरात तांबं उतरत नाही. माय अंघोळ करून यायची, गाठ सोडायची, दोन लोटे पेटीत घालायची. तिचा मान राहिला आणि पेटीत चांगलं पाणी गेलं, म्हणून मी स्वतःवर खूश होते. तळाच्या शिंपल्यांत मुरलेलं तांबं मात्र निघण्यासारखं नव्हतं, आणि सगळा समुद्र नव्याने कालवायचा तर क्षार कॉलेजच्या कुलपात, कुलपाची किल्ली विभागप्रमुखांकडे आणि विभागप्रमुख सासुरवाडीला.

नवतपा, म्हणजे मेच्या अखेरचे नऊ तापते दिवस, लागला त्या दिवशी तो गेला. प्रवाळ गेला हे कळायला डोळे लागत नाहीत, वासाने कळतं. मायने त्याला स्वतः बाहेर काढलं, मोरीपाशी बसून धुतलं. सालं गळून गेली आणि खाली शुभ्र पांढरी घरं उरली, सगळी रिकामी. मी म्हटलं, राहू दे, मी टाकते. ती म्हणाली, मी फेकतो. पुढचे दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी दादाचं पत्र आलं, बोट दुरुस्तीला लागली होती म्हणून उशीर. पत्र मी तीनदा वाचून दाखवलं. "बरा हाये ना? मंग झालं," ती म्हणाली आणि चुलीपाशी गेली. दोघांचा हिशेब एकच नव्हता हे कळून तिला हायसं वाटलं असेल अशी मी माझी समजूत घातली.

दिवाळीला दादा आला. रिकामी पेटी बघून म्हणाला, "उन्हाळ्यानं मेला असन. नागपूरचा उन्हाळा तं मानसं खाते." मी हो म्हटलं. माय पण हो म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरात त्याच्या मरणाचं कारण उन्हाळा. निळा मासा मात्र आणखी वर्षभर जगला, निर्लज्जासारखा.

गुंडी त्याच पावसाळ्यात तिवईवरून गेली. तिच्या जागी माठ आला. "माठाचं थंड राहते," माय म्हणाली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. पुढे दादा मुंबईला स्थायिक झाला. त्याच्या गच्चीतून समुद्र दिसतो. दर वर्षी तिकीट काढू का विचारतो, फोनवर भांडतो, एकदा न्यायला आला तर हिने पाय दुखायला काढले. "मी पाह्यला ना समुद्र," ती म्हणते. "घरीच होता." आम्ही भावंडं तिच्या हट्टाला हसत आलो. मुलुखाची हट्टी बाई, आम्ही म्हणायचो.

आज दुपारी बाहेर वारा पेटल्यासारखा होता. कूलरची घरघर चालू होती, माय खाटेवर बसली होती. मी माळ्यावर चढले, गुंडी खाली आणली आणि तिच्यासमोर ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. गाठ तिनेच सोडली. बोटं आता वाकडी झालीत, वेळ लागला. मग आत हात घालून तिने तो बाहेर काढला. अजून पांढरा. कडेला ते डाळीएवढं नवं घर.

"फेकला म्हणाली होती ना तू," मी म्हटलं.

"कशी फेकू? आनंदानं ठेवाले देल्ला होता." तिने तो मांडीवर घेतला. "मी जागीच राहो वं. तू रोज पहाटं उठे, माह्या हातचं भरलेलं पानी मोरीत ओते अन् आपल्या हातानं दुसरं भरे. गुंडी तेच, नळ तोच. गाठही तुले बांधता येत नव्हती. मी समजलो."

"काय समजली?"

"का त्याले माह्या हातचं नाही चालत. गावात नाही चाले तसं." ती हे अगदी शांतपणे म्हणाली, कूलरमध्ये पाणी आहे का विचारावं तसं. "एवढुसा होता, तं माह्या हातानं मेला. मंग त्या मोठ्याजवळ काहून जाऊ?"

 मग मी बोलले, चाळीस वर्षांनी, आणि बसमध्ये जुळवलेलं वाक्य त्यात नव्हतं. "हात नाही माय. तांबं. तांब्यानं मेला तो. कोणीही भरलं असतं तरी मेला असता, मी भरलं असतं तरी. रात्रभर ठेव म्हणून मीच सांगतलं होतं, कशात ठेव हे नाही सांगतलं. तुह्या हाताचं काही नव्हतं वं."

"तांबं?"

"हो."

तिने गुंडी तिरकी करून आत पाहिलं. "मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

 एक वाक्य तिच्या कानावर पडू नये म्हणून मी गप्प राहिले आणि नेमकं तेच वाक्य तिने माझ्या गप्पपणातून ऐकलं, इतकी वर्षं रोज ऐकलं. मी तिच्या पायाशी बसून रडले. माय रडली नाही. तिने प्रवाळ खाटेवर ठेवला, भिंतीला धरून उठली आणि माठापाशी गेली. मी उठायला लागले तर हाताने बस म्हणाली. तिने लोटा बुडवला, पेला भरला. निम्मं पाणी ओट्यावर सांडलं. उरलेलं घेऊन ती परत आली आणि पेला माझ्यासमोर धरला.

"घे," ती म्हणाली.

मी प्यायले. शेवटचा घोट जाईपर्यंत ती पेल्याकडे बघत उभी होती.